आळीतून एकटीने

रत्नागिरीस पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे हे आपल्याकडे ठरलेले असते. सकाळी भगवती किल्ला, दुपारी थिबा पॅलेस, संध्याकाळी मांडवी नाही तर भाट्ये. रिक्षा करायची, उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा रिक्षात बसायचे. या ठिकाणांच्या मधे जे गाव पसरले आहे ते रिक्षाच्या वेगात निसटून जाते. पाहुण्याला कशाला दोष द्या? मी याच गावात जन्मले, वाढले. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मीही ते पाहिलेले नव्हते. त्या सुट्टीत तीन दिवस सकाळी मी एकटीच जुन्या वस्तीतून पायी फिरले. त्यातून जे उमगले ते येथे मांडत आहे.

प्रथम गावाची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. रत्नागिरी उतारावर वसलेली आहे. वर जांभ्याचा सडा आणि खाली समुद्र व खाडी. मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव ही वाढलेली वस्ती वरच्या अंगाला. जुने गाव खालच्या अंगाला, बंदराकडे तोंड करून. वरची आळी आणि खालची आळी ही नावेच हा चढउतार सांगतात. वरून खाली येणाऱ्या मोटाररस्त्यांना वळसे असतात. माणसे मात्र पाखाडीने उतरतात. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची वाट. तिच्यावरून वाहन जाऊ शकत नाही, म्हणूनच ती अजून पाखाडी राहिली आहे. जुने गाव पाहावयाचे तर पाखाडी शोधावी आणि ती नेईल तिकडे जावे.

आळी या शब्दाकडेही आपण कधी थांबून पाहत नाही. समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधून वाट, एवढाच आळीचा अर्थ. पण नावे वाचीत चालले की जुन्या गावाची रचना उलगडत जाते. राम आळीला देवाचे नाव, तेली आळीला धंद्याचे. समुद्राच्या बाजूला सरकलो की आळीच्या जागी ‘वठार’ येते. घुडेवठार, चवंडेवठार, खडपेवठार अशी ही नावे. झाडगावात श्री देव भैरीचे देऊळ आहे. भैरी हे बारा वाड्यांचे ग्रामदैवत. शिमग्यात त्याची पालखी निघते, तेव्हा एरवी आपापल्या वाटेने जाणाऱ्या या वाड्या एका गावाच्या होतात.

आळीतले जुने घर पाहताना आधी दगड पाहावा. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो. त्याचे चिरे तोडून काढतात आणि वारा व ऊन लागले की तो टणक होत जातो. लोहाच्या अंशामुळे तो तांबडा दिसतो आणि सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून घराचे जोते उंच, छपराचा उतार तीव्र आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात यासाठी वळचण लांब. पडवी, ओटी, माजघर, मागे परसू आणि विहीर असा क्रम. कुंपणाचा गडगा चुन्यासिमेंटाशिवाय नुसते दगड एकावर एक रचून उभा केलेला. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि नेचे इतके माजतात की भिंतीलाच पालवी फुटल्यासारखी वाटते. यातले काहीही शोभेसाठी केलेले नाही. सारे पावसाशी केलेल्या तडजोडीतून आलेले आहे, आणि तरीही, की म्हणूनच, ते सुंदर दिसते.

असे घर आतून पाहावयाचे तर टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. 23 जुलै 1856 रोजी टिळकांचा जन्म येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. 1866 मध्ये त्यांची पुण्यास बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ गाव सोडून गेला. घर आता शासनाने संरक्षित स्मारक म्हणून जपले आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाचे घर असूनही त्यात भव्य असे काही नाही. शेजारच्या घरांत आणि त्यात फरक शोधावा लागतो, हेच मला विशेष वाटले.

त्या घरातून बाहेर पडून मी आळीत उगाच रेंगाळत होते. पलीकडच्या पडवीतून एका आजींनी हाक मारली, “कोणाकडे गो?”

“कोणाकडेच नाही आजी. आळी बघत्ये.”

“आळी काय बघायची असत्ये? ये, पाणी पी.”

मुलीने एकटीने, काही कामाशिवाय हिंडावे ही गोष्ट आपल्याकडे अजून पचनी पडलेली नाही. पहिल्या दिवशी तो प्रश्न मला चौकशीसारखा वाटला होता आणि मी खोटेच “मैत्रिणीकडे” असे सांगून पुढे सटकले होते. त्या दिवशी खरे सांगितले आणि पाणी मिळाले. पाण्याबरोबर गूळ आला, गुळाबरोबर घराची कथा. मुलगे मुंबईस, दर मे महिन्यात घर विकण्याची बोलणी होतात आणि दर जूनमध्ये पावसाने थांबतात. “या वर्षी थांबायची नाहीत हो,” आजी शांतपणे म्हणाल्या. दोघी-तिघी मिळून गेलो असतो तर आम्ही आपसांतच बोललो असतो. एकट्या माणसाशी गाव बोलते.

दुसऱ्या सकाळी थिबा पॅलेसकडे गेले. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून मंडालेहून हलविले आणि 1886 मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. हा राजवाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधून झाला. त्यात सहा वर्षे राहून डिसेंबर 1916 मध्ये तो येथेच वारला. त्याची समाधीही याच गावात आहे. राजाला रत्नागिरीतच का ठेवले याचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी थिबा पॉइंटवर उभे राहावे. खाली खाडी, पुढे समुद्र, पाठीशी सह्याद्री. त्या काळी आगबोट हाच दळणवळणाचा मुख्य मार्ग, आणि पावसाळ्यात तोही बंद. कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला तो 1998 मध्ये. तुरुंगाला भिंती लागतात. रत्नागिरीला त्या निसर्गानेच दिल्या होत्या.

सावरकरांच्या बाबतीतही सरकारने असेच केले. अंदमानातून आणल्यावर त्यांना काही काळ येथल्या तुरुंगात ठेवले होते. 1924 मध्ये सुटका झाली ती जिल्हा सोडावयाचा नाही आणि राजकारण करावयाचे नाही, या अटींवर. ती स्थानबद्धता 1937 पर्यंत चालली. त्या काळात त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने पतितपावन मंदिर बांधले आणि 1931 मध्ये ते सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. तिसऱ्या सकाळी मी त्याच्या पायरीवर बसले होते. ज्याला गावाबाहेर जाण्याची मनाई होती, त्याच्या हातून गावातल्या गावात एक दार उघडले गेले.

तेथे बसल्या बसल्या एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली. 1908 मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि 1914 पर्यंत त्यांना ठेवले ते मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदी, दोघेही एकाच वेळी, एकाच सरकारचे. 1910 मध्ये राजा नव्या वाड्यात राहावयास गेला; त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. शाळेत या दोन्ही गोष्टी मी स्वतंत्रपणे पाठ केल्या होत्या. त्या एकमेकींशेजारी बसल्या त्या पायी फिरताना, कारण दोघांची घरे एका सकाळीच्या चालीत येतात.

ज्यांना असे फिरावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार सूचना. सकाळी सातनंतर निघावे. उन्हे चढण्याआधी दोन तास मिळतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस पाखाडीवर शेवाळ असते, तेव्हा पायांत घसरणारी वहाण नको. घराचा फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारावे. वाट चुकली तर चुकू द्यावी. उतरणीची कुठलीही वाट शेवटी खाडीला नाही तर समुद्राला मिळते. आणि कोणी “कोणाकडे?” असे विचारले तर खरे उत्तर द्यावे.

राजवाडा, जन्मस्थान, मंदिर ही टिकतील. त्यांना फलक आहेत, राखणदार आहेत. आजींच्या पडवीला दोन्ही नाहीत. तेथे चार मजली इमारत उभी राहिली तर आळीचे नाव राहील, पण वाटेवरच्या माणसाला हाक मारायला पडवी उरणार नाही. चौथ्या मजल्यावरून कोणी “कोणाकडे गो?” विचारीत नाही. घरे वाचविणे आपल्या हाती नसेल. ती पाहून ठेवणे आहे. यंदाच्या मे महिन्याआधी एकदा तरी जाऊन या. आणि शक्यतो एकट्याने.