घरचा स्टुडिओ : ढोल दूर न्यायचा कसा?

  म्हसावदच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो माझ्या फार आवडीचा निघाला. त्यांनी होळीचं गाणं घरीच बसवलंय. गळा माइकवर घेतलाय, ढोल सॉफ्टवेअरमधला आहे. शेवटी ढोलवाले वाजवत वाजवत तोरणमाळच्या रस्त्याला लागले, असं ऐकणाऱ्याला वाटायला हवं. त्यासाठी गळ्याच्या क्लिपवर फेड, म्हणजे आवाजाचा उतार, लागला. ढोलाच्या क्लिपवर लागेना. काय करावं?

फेड लागेना, कारण त्या मिडी क्लिपमध्ये आवाजच नाही. कुठला ठोका, कधी, किती जोरात, एवढ्या सूचना तिच्यात असतात. आवाज तयार होतो तो पुढे, वाद्याच्या प्लगइनमध्ये. म्हणून उतार द्यायचा तो ट्रॅकच्या फेडरला, ऑटोमेशनने. एफएल स्टुडिओ वापरत असाल तर मिक्सरमधल्या त्या ट्रॅकच्या फेडरवर राइट क्लिक करा आणि ‘क्रिएट ऑटोमेशन क्लिप’ घ्या. दुसरा मार्ग म्हणजे ढोलाचा ट्रॅक ऑडिओत उतरवून घ्यायचा आणि मग नेहमीसारखा फेड द्यायचा.

काही जण व्हेलॉसिटी कमी करत नेतात. १२७ वरून १०० वर, मग ६०, मग २०. पण व्हेलॉसिटी म्हणजे हाताचा जोर. चांगल्या वाद्यात हळू ठोक्याचे नमुने वेगळे मुद्रित केलेले असतात, त्यामुळे ढोलाचा पोतच बदलतो. ढोल्या तिथेच उभा आहे आणि दमलाय, असं ऐकू येतं. नुसता फेडर उतरवला तर कुणीतरी रेडिओचा आवाज कमी केल्यासारखं वाटतं. आपल्याला हवंय ते तिसरंच : जोर तोच, अंतर वाढतंय.

अंतर कानाला कसं कळतं? काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवून बघावं. बुध्या आणि बावा बनलेली माणसं जवळून नाचत जातात तेव्हा कमरेचे घुंगरू, काठीचा चामड्यावरचा फटका, सगळं लखलखीत ऐकू येतं. टोळी पुढे सरकली की आधी घुंगरू जातात. मग फटक्याची धार जाते. उरते ती ढोलाची घूम. बारीक, तीक्ष्ण स्वर हवेत लवकर विरतात. खर्ज लांबवर टिकतो आणि झाडाघरांना वळसा घालूनही येतो.

तेच स्टुडिओत करायचं. ढोलाच्या ट्रॅकवर लो-पास फिल्टर लावा आणि वीसेक सेकंदांत तो १८,००० हर्ट्झवरून २,००० च्या आसपास उतरवा. घुंगरू वेगळ्या ट्रॅकवर असतील तर त्यांना चार-पाच सेकंद आधीच निरोप द्या. रिव्हर्बचा सेंड प्री-फेडर ठेवा. एरवी प्री-फेडर सेंड फेडला मारक ठरतो, कारण फेडर खाली गेला तरी घुमारा मागे राहतो. इथे तोच उपयोगी पडतो : मूळ ठोका ओसरतो, घुमारा उरतो आणि कान म्हणतो, दूर गेले. शेवटी रिव्हर्बचा फेडरही शून्यावर न्यायला विसरू नका.

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’चा पहिला प्रयोग १९१८ साली लंडनला झाला. त्यातल्या ‘नेपच्यून’मध्ये बायकांचा गानवृंद शेजारच्या खोलीत बसतो आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावत नेतात. गाणाऱ्या थांबत नाहीत. दार आधी तीक्ष्ण स्वर अडवतं, मग बाकीचे.

आता उताराचा आकार. ऑडिओ क्लिपवर सरळ रेषेचा २० सेकंदांचा फेड दिला, तर १० सेकंदांनी आवाज फक्त ६ डेसिबलने उतरलेला असतो, १८ सेकंदांनी २० डेसिबलने. उरलेलं सगळं शेवटच्या दोन सेकंदांत कोसळतं. चालत जाणारी माणसं अशी खड्ड्यात पडल्यासारखी नाहीशी होत नाहीत. रेषेला मध्ये खाली बाक द्या, म्हणजे आवाज आधी भरभर उतरेल आणि शेपूट लांब राहील.

आणि एक महत्त्वाचं. तुमचं गाणं ऐकलं जाणार मोबाइलवर, आणि मोबाइलचा स्पीकर खर्ज जवळजवळ देतच नाही. म्हणून फिल्टर फार खाली उतरवू नका. हेडफोनवर सुंदर लांब गेलेला ढोल मोबाइलवर निम्म्या वाटेतच गडप होतो. दोन्हीकडे ऐकून बघा, मगच गाणं गावाला ऐकवा.