उसाचे बिल आणि सात गैरसमज

दसरा-दिवाळीच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि ऊसपट्ट्यातल्या गावागावांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा पहिली उचल किती? या प्रश्नाभोवती ऐकीव माहिती इतकी साचली आहे की, खरे काय आणि खोटे काय हे सभासदाला उमगेनासे होते. मग दिल्लीत ठरणाऱ्या गोष्टीसाठी चेअरमनला धारेवर धरले जाते आणि संचालक मंडळाच्या चुकीवर 'सरकारी धोरणा'चे पांघरूण पडते. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे कळले तर सभासदाच्या रागाला धार येते. त्यासाठी नेहमी कानावर पडणाऱ्या सात समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : एफआरपी सरकार देते आणि ती सगळीकडे सारखीच असते.

वस्तुस्थिती : एफआरपी म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून तो केंद्र सरकार ठरवते, पण पैसे द्यायचे असतात कारखान्याने. सरकार उसाचे एक कांडेही विकत घेत नाही. २००९ पर्यंत 'एसएमपी' हा वैधानिक किमान दर होता. त्या वर्षी ऊस नियंत्रण आदेशात बदल होऊन एफआरपी आली.

हा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते, तितके टक्के उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात आणि खाली तेवढेच कमी होतात. उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, तरी ३२९.०५ रुपयांखाली जाता येत नाही. ११.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याची एफआरपी टनाला ३,९८२ रुपयांवर जाते, तर ९.५ टक्क्यांच्या कारखान्याची ३,२९० रुपयांवर थांबते. कोल्हापूर-सांगलीच्या आणि मराठवाड्याच्या दरांत जो फरक दिसतो, त्याचे मोठे कारण हा उतारा आहे.

शिवाय एफआरपी हा किमान दर आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूल विभागणीचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा. हा हिशेब एफआरपीपेक्षा वर निघाला, तर वरचा फरकही शेतकऱ्याचा.

गैरसमज २ : जाहीर झालेली एफआरपी तशीच्या तशी खात्यावर जमा होते.

वस्तुस्थिती : एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा दर आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि त्याचा खर्च त्या दरातून वजा होतो. समजा, एफआरपी टनाला ३,९८२ रुपये आहे आणि तोडणी-वाहतूक ९०० रुपये. मग हातात येतात ३,०८२ रुपये. 'तोडणीचे पैसे कारखाना देतो' असे म्हणताना ते शेवटी आपल्याच बिलातून जातात, हे विसरता कामा नये.

यात एक बारीक मेख आहे. बहुतेक ठिकाणी हा खर्च सरासरीने लावला जातो. कारखान्याने गाळप वाढवण्यासाठी साठ-सत्तर किलोमीटरवरून ऊस आणला, तर त्या फेऱ्यांचा भार गेटजवळच्या सभासदाच्या टनावरही पडतो. म्हणून 'तोडणी-वाहतूक किती?' एवढे विचारून भागत नाही. 'कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस किती आणला, किती अंतरावरून, आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला?' असे विचारावे लागते. हा प्रश्न मात्र थेट संचालक मंडळालाच विचारायचा.

ऊसतोड मजुरांना दोष देऊन हा खर्च कमी होणार नाही. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी जोडपी मजुरीची आगाऊ उचल घेऊन सहा-सहा महिने फडात राबतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, ती आंदोलन आणि वाटाघाटींनंतर. त्यांची मजुरी हा आपल्या पिकाचा न्याय्य खर्च आहे. अंतर, रिकामा जाणारा वेळ आणि मुकादमाकडे बुडणारी उचल हा मात्र टाळता येणारा खर्च.

गैरसमज ३ : बिल कधी द्यायचे, हे कारखान्याच्या मर्जीवर असते.

वस्तुस्थिती : ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. शंभर टन उसाचे तीन लाख रुपये साठ दिवस उशिरा मिळाले, तर त्यावरचे व्याज सुमारे ७,४०० रुपये होते. तो शेतकऱ्याचा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय तो क्वचितच पदरात पडतो. थकबाकी राहिली तर साखर आयुक्त वसुली प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात.

मात्र याच आदेशात एक वाट आहे : 'दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार नसेल तर' १४ दिवस. ऊसनोंदीच्या वेळी पुढे केलेल्या छापील कागदावर 'बिल हप्त्याने घेण्यास माझी संमती आहे' असे वाक्य असू शकते. न वाचता केलेली सही मग पुढे आपल्याच विरोधात जाते.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून एफआरपीचे दोन भाग करायला मुभा दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. एकरकमी बिल ही मेहेरबानी नाही, यासाठी हा निकाल लक्षात ठेवायला हवा.

गैरसमज ४ : गोदामात साखर भरली आहे, म्हणजे कारखान्याकडे पैसा आहे.

वस्तुस्थिती : साखर चार-पाच महिन्यांत तयार होते, पण विकली जाते वर्षभर. कोणत्या महिन्यात किती साखर विकायची, याचा कोटा २०१८ पासून केंद्र सरकार ठरवून देते. निर्यातीलाही केंद्राची परवानगी लागते. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे आणि साखरेचे पैसे बारा महिन्यांत यायचे, ही दरी कारखाना बँकेकडे साखर तारण ठेवून भरून काढतो. त्याचे व्याज पुढच्या ताळेबंदात बसते.

यापुढचा हिशेब प्रत्येक सभासदाला तोंडपाठ हवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये झाला. त्या हंगामात १० टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला २,७५० रुपये होती. टनातून निघणारी १०० किलो साखर ३१ रुपयांनी ३,१०० रुपयांची होत होती. २०२०-२१ पासूनचे सहा हंगाम एफआरपी वाढत गेली आणि किमान विक्री दर ३१ रुपयांवरच थांबला. १०.२५ टक्के उताऱ्याला टनातून १०२.५ किलो साखर मिळते. तिची ३१ रुपयांनी किंमत ३,१७७ रुपये होते आणि एफआरपी मात्र ३,५५० रुपये. बाजारभाव या किमान दराच्या वर असतो तोवर निभावते. तो पडला की, आधार देणारी पातळी उसाच्या दराच्याही खाली आहे, हे उघडे पडते. हा प्रश्न दिल्लीचा आहे. ऊसदर वाढवताना साखरेचा किमान दर त्याच सूत्राने वाढवला पाहिजे, ही मागणी कारखाना आणि शेतकरी या दोघांनी मिळून करायला हवी.

गैरसमज ५ : इथेनॉलमुळे कारखाने मालामाल झाले.

वस्तुस्थिती : इथेनॉलचा फायदा खरा आहे. तेल कंपन्यांकडून पैसे साखरेपेक्षा लवकर येतात आणि जादा साखरेचा साठा हलका होतो. २०१८ नंतर केंद्राच्या व्याज सवलतीच्या भरवशावर अनेक कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभ्या केल्या, विस्तारल्या. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाचा रस आणि पाकापासून इथेनॉल करायला केंद्राने मनाई केली. नंतर १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. कर्जाचे हप्ते मात्र या काळात थांबले नव्हते.

दरांचीही तीच गत. २०२२-२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५.६१ रुपये आणि बी-हेवी, म्हणजे जादा साखर राहिलेल्या मळीपासूनच्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये ठरला. २०२४-२५ मध्येही ते तसेच होते. दरम्यान तेल कंपन्यांच्या खरेदीत मक्याच्या इथेनॉलचा वाटा मोठा झाला.

याला जोडूनच आणखी एक शंका असते : 'उतारा घटला म्हणजे साखर चोरली.' बी-हेवी मळी घेतली की काही साखर मळीबरोबर इथेनॉलकडे जाते आणि गोण्यांत दिसणारा उतारा कमी भरतो. म्हणून ती वळवलेली साखर मिळवूनच एफआरपीचा उतारा धरावा लागतो. ती मिळवली का आणि किती, हे विचारणे सभासदाचे काम आहे.

गैरसमज ६ : कारखाना लवकर सुरू व्हावा, जास्त दिवस चालावा आणि ऊस जास्त असावा, त्यातच फायदा.

वस्तुस्थिती : उसात साखर भरते ती थंडीत. ऑक्टोबरमध्ये ऊस कच्चा असतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात उतारा घसरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा सुगीचा काळ. एफआरपी आधीच्या हंगामाच्या उताऱ्यावर ठरते, त्यामुळे यंदा कच्चा ऊस तोडला, तर पुढच्या वर्षी दर सगळ्यांचाच कमी होतो.

ऊस जास्त झाला की काय होते, हे २०२१-२२ ने दाखवले. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, हंगाम जूनपर्यंत लांबला आणि मराठवाड्यात ऊस फडात उभा राहिला. १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी सरकारला उतारा घट अनुदान आणि दूरच्या वाहतुकीसाठी अनुदान द्यावे लागले. नंतर २०२४-२५ मध्ये उत्पादन ८० लाख टनांच्या आसपास आले आणि बरेच कारखाने लवकर बंद पडले. एका वर्षी कारखान्याला ऊस आवरत नाही आणि दुसऱ्या वर्षी पुरत नाही. या हेलकाव्यात सर्वाधिक पिळला जातो तो छोटा शेतकरी.

म्हणून लागणीची नोंद आणि तोडणीची क्रमपाळी या कागदोपत्री बाबी नाहीत. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांच्या तारखा खऱ्या असतील, तरच पक्व ऊस वेळेवर तुटतो. वशिल्याने पाळी मोडली, तोडीसाठी 'खुशाली' मागितली गेली, तर ती अडवणूक आहे. तिची लेखी तक्रार कारखान्याकडे आणि साखर आयुक्तालयाकडे करता येते. तुटलेला ऊस गाडीत वाळत राहिला, तर वजन आणि साखर दोन्ही कमी होतात. त्यामुळे काट्यावर लागणाऱ्या रांगेचा जाबही कारखान्यानेच द्यायचा.

गैरसमज ७ : शेअर घेतला, साखर मिळाली, मत दिले, सभासदाचे काम संपले.

वस्तुस्थिती : विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. शेतकऱ्याने केवळ कच्चा माल पुरवणारा राहू नये, प्रक्रियेतल्या कमाईतही त्याचा वाटा असावा, हा त्यामागचा विचार. सहकारात दहा एकरवाल्याला आणि दहा गुंठेवाल्याला मत एकच. कायद्याने वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लेखापरीक्षण अहवाल ठेवावा लागतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. 'मंजूर, मंजूर' म्हणत दहा मिनिटांत उरकलेली सभा हा हक्क संपवत नाही. तो वापरायचा कंटाळा मात्र संपवू शकतो.

पाठपुरावा केला की सहकाराच्या पदरात काय पडते, याचेही उदाहरण आहे. एफआरपीहून जास्त दिलेला ऊसदर आयकर खाते नफ्याचे वाटप समजत होते आणि सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे कराचा बोजा होता. दीर्घ पाठपुराव्यानंतर सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतची ही रक्कम खर्च म्हणून धरली जाऊ लागली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापूर्वीच्या रकमांनाही ती सवलत मिळाली. सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा हा दिलासा होता.

साखरेचा किमान दर, निर्यात, महिन्याचा कोटा, इथेनॉलचे दर आणि बंधने हे प्रश्न केंद्र सरकारचे. एफआरपीची वसुली आणि महसूल विभागणीची अंमलबजावणी राज्य सरकार आणि साखर आयुक्तांची. उतारा, तोडणी-वाहतूक, क्रमपाळी, वजन, कर्ज आणि खर्च यांचा जाब संचालक मंडळाचा. नोंदीची पोच, प्रत्येक खेपेची वजन पावती, सही केलेल्या कराराची प्रत आणि वार्षिक अहवाल, एवढे चार कागद घरात जपून ठेवावेत. येत्या सभेत 'दर किती?' या प्रश्नासोबत 'उतारा कसा काढला आणि वाहतूक कितीची लागली?' हेही विचारावे. हे दोन प्रश्न दहा सभासदांनी विचारले की, उत्तर द्यायच्या आधी संचालकांना हिशेब तपासावा लागतो. कारखाना शेतकऱ्याचा आहे, हे म्हणणे त्या दिवशी खरे ठरते.