घराचा ताप मोजा

जुन्नर तालुक्यातील आणे पठार पर्जन्यछायेत येते. तेथे उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. पंखा लावावा, तर तोही गरम वाराच अंगावर फेकतो. मग पैसे कशावर खर्चावेत? विद्यार्थी मित्रांनो, आधी घर तपासा.

शाळेच्या प्रयोगशाळेतून तीन तापमापक मागून घ्या. (तापाचा तापमापक नको, त्याची पट्टी ४२ अंशांनाच संपते.) मोठ्यांच्या मदतीने एक पत्र्याखाली वीतभर अंतरावर टांगा, दुसरा बसल्यावर डोके येते त्या उंचीवर, तिसरा बाहेर सावलीत. सकाळी ८ ते रात्री १० दर तासाला आकडे वहीत लिहा. दुपारी वरचा पारा फार चढला, तर उष्णता छपरातून येते आहे. पत्रा रात्री लवकर निवतो. तरीही आत बाहेरपेक्षा उकडत असेल, तर संशय जाड भिंतींवर घ्या. त्या दिवसभराची उष्णता रात्री परत देतात.

आता पेटती उदबत्ती आढ्याजवळच्या फटीपाशी धरा. धूर बाहेर ओढला गेला, तर गरम हवेला वाट आहे. तो तेथेच घुटमळला, तर नाही. थंड देशांत दारात पंखा बसवून आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक करतात आणि फटी शोधून बुजवतात. आपल्याला उन्हाळ्यात नेमके उलटे हवे!

शेवटी पत्र्याचे दोन सारखे तुकडे उन्हात ठेवा, एकाला चुना लावून. दोहोंखाली तापमापक ठेवा. चकचकीत पत्रा ऊन बरेचसे परतवतो, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. चुना दोन्ही कामे करतो. पाऱ्यात किती फरक पडला ते घरी दाखवा. पंखा की चुना, हे मग ठरवता येईल.