कर आणि कारभार : रोमच्या हॉर्टेन्सियेचें भाषण

प्राचीन रोममध्यें स्त्रीला मत नव्हतें व अधिकारपदहि नव्हतें. ती प्रथम पित्याच्या सत्तेखालीं असे; जुन्या पद्धतीनें विवाह झाल्यास पतीच्या सत्तेखालीं जाई; आणि दोन्ही सत्ता नसल्या तरी जमीन विकावयाची झाल्यास तिला पालकाची संमति घ्यावी लागे. मात्र प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळांत पतीच्या सत्तेंत न जातां विवाह करण्याची चाल रूढ झाली. त्यामुळें पित्याच्या पश्चात् मिळालेला वांटा मुलीच्याच नांवावर राही, आणि कुलीन घराण्यांतील कित्येक स्त्रिया धनवान् झाल्या होत्या.

या धनावर राज्यकर्त्यांची दृष्टि गेली ती इ. स. पूर्व ४२ मध्यें. अँटनी, ऑक्टेव्हियन व लेपिडस या त्रयीनें आदल्या वर्षीं सत्ता हातीं घेऊन विरोधकांच्या याद्या लावल्या होत्या. यादींत नांव आलें कीं प्राणहि गेला व मालमत्ताहि गेली. तरीहि ब्रूटस व कॅसियस यांच्याशीं लढण्यास पैसा पुरेना. तेव्हां १,४०० श्रीमंत स्त्रियांनीं आपल्या मालमत्तेची मोजदाद द्यावी व ठरेल ती रक्कम भरावी, असा हुकूम सुटला.

स्त्रिया आधीं राज्यकर्त्यांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीनें व अँटनीच्या आईनें त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. अँटनीची पत्नी फुल्व्हिया हिनें मात्र त्यांना दारांतूनच परत लावलें. मग त्या थेट फोरममध्यें, म्हणजे नगराच्या मुख्य सभाचौकांत, आल्या. त्यांच्या वतीनें बोलली ती हॉर्टेन्सिया. सिसरोचा प्रतिस्पर्धी म्हणून गाजलेला वक्ता हॉर्टेन्सियस याची ती कन्या.

तिच्या भाषणाचा आशय अ‍ॅपियन या इतिहासकारानें पुढें नमूद केला आहे. स्त्रियांनीं कोणाला राष्ट्रशत्रु ठरविलें नाहीं कीं कोणावर सैन्य नेलें नाहीं. मग त्यांना दंड कशाचा? ज्या मानांत, अधिकारांत व कारभारांत त्यांना भाग नाहीं, त्यासाठीं त्यांनीं कर कां द्यावा? पूर्वी कार्थेजशीं युद्ध पेटलें तेव्हां स्त्रियांनीं आपले दागिने दिले, पण ते स्वखुषीनें. परकीय शत्रु चालून आला तर त्या आतांहि देतील. आपसांतील युद्धाला मात्र कधींच देणार नाहींत.

राज्यकर्ते संतापले. स्त्रियांना हांकलून द्या, असें त्यांनीं शिपायांना फर्माविलें. परंतु भोंवतालच्या जमावानें गिल्ला केला आणि शिपाई जागींच थांबले. दुसऱ्या दिवशीं १,४०० चा आंकडा ४०० वर आला, व धनिक पुरुषांवरहि कर्जाचा आणि वर्गणीचा बोजा पडला.

हा विजय अपुराच होता. ४०० जणींची सुटका झाली नाहीं, आणि कारभारांतील वांट्याचा प्रश्न तसाच राहिला. तें भाषण मात्र टिकलें. क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या आचार्यानें शतकाहून अधिक काळानंतर सांगून ठेविलें आहे कीं, तें केवळ स्त्रीचें म्हणून कौतुकानें वाचलें जात नसे. त्याच्या गुणांमुळें वाचलें जाई. हॉर्टेन्सियेच्या देशांतील स्त्रियांना राष्ट्रीय मतदानांत पहिल्यानें भाग मिळाला तो १९४६ सालीं.