चाकरमान्याची बाग आणि सरकारचे अनुदान

बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या कोकणी घरांत गणपतीहून परतले की एक विषय हमखास निघतो. गावची जमीन पडून आहे, तिथे आंबा-काजू लावू. सरकार शंभर टक्के अनुदान देतेच की! देते, हे खरे. पण कशाचे शंभर टक्के आणि कधी, हे आधी समजून घेतले तर बरेच हेलपाटे वाचतात.

१९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर कलमे दिसू लागली. ती वाट जॉबकार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याची. नोकरी अंधेरीत आणि जॉबकार्ड लांज्यात, हे काही जमत नाही. त्या निकषांत न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात कोकणाला किमान १० गुंठे ते कमाल १० हेक्टर अशी मर्यादा आहे. उरलेल्या महाराष्ट्राला २० गुंठे ते ६ हेक्टर. मात्र ज्यांचे घर निव्वळ शेतीवर चालते त्यांना आधी प्राधान्य, पगारदाराचा विचार नंतर. यात गैर काही नाही.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. तो भरायला फार वेळ लागत नाही. वेळ खातो तो सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मुलुंडात बसून १५ रुपयांत मिळतो. तो नीट वाचा. आजोबांचे नाव, त्यांच्या चार भावांची नावे, त्यातली काही कंसात म्हणजे कमी झालेली, पुढे फेरफाराचे क्रमांक, आणि तुमचे नाव कुठेच नाही! तसे असेल तर आधी वारस नोंद. नाव असले तरी खाते सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. कुळाचे नाव असेल तर त्याचीही संमती. बडोद्याच्या चुलतभावाची सही मिळेपर्यंत एक पावसाळा सहज जातो.

आता शंभर टक्क्यांची गोष्ट. ते तुमच्या बिलांचे नव्हेत, शासनाने ठरवून दिलेल्या मापदंडाचे आणि ठरावीक कामांचे. खड्डे खोदणे, कलमे लावणे, पीक संरक्षण, नांग्या भरणे ही कामे त्यात येतात. जमीन साफ करणे, माती-शेणखताने खड्डे भरणे, कुंपण करणे हे स्वतःच्या खिशातून. कोकणात भात कापून झाल्यावर गुरे मोकाट सुटतात, तेव्हा खरा खर्च कुंपणाचाच. हापूस दहा बाय दहा मीटरवर लावला तर १० गुंठ्यांत दहाच कलमे बसतात. एवढ्यासाठी गडगा घालायचा का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पूर्वसंमती हातात येण्याआधी खड्डा मारू नये. कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पावती जपावी. आधी खर्च तुम्ही करायचा, मग कृषी विभागाचा माणूस पाहणी करतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. तेही तीन वर्षांत विभागून: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. पुढचे हप्ते झाडे मोजून मिळतात. ८० ते ९० टक्के कलमे जिवंत दिसली पाहिजेत. कमी भरली तर स्वखर्चाने नवी आणून लावायची.

चाकरमान्याची योजना अडते ती इथे. कलमे जून-जुलैत लावतो तो, पण फेब्रुवारी ते मे जांभ्याच्या कातळावर पाणी घालणारे कुणी नसते, त्यात वणव्याची धास्ती. गावात पाणी घालणारा, राखण करणारा माणूस आधी ठरवा, त्याची मजुरी धरा आणि मगच अर्ज करा. अनुदान तिसऱ्या वर्षी संपते. हापूसचे म्हणण्यासारखे उत्पन्न त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू होते. मधली वर्षे पगारावर काढायची.