घरी जाण्याच्या वाटेवर

लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात चिकटवलेली दिसते. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांचा शोध त्या चिठोऱ्यापासून सुरू होतो. बायको किंवा आई गुपचूप पुडी आणते, आमटीत मिसळते. पुडीत डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात ते पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं. त्या जाहिरातीवर माझा राग आहे, कारण ज्याची दारू सुटायची त्यालाच ती वगळते.

आमच्या चुलतभावानं, दादानं, स्वतःहून 'आता बास' म्हटलं. तेव्हा वहिनीनं आणि मी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेला, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांनाच द्या फोन." दादाला त्यांनी किती पिता हे विचारलंच नाही. "कामावरून किती वाजता सुटता? कुठल्या गाडीनं येता?" असं विचारलं. विक्रोळीहून सुटायचं, डोंबिवलीला उतरायचं आणि स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्ये बसायचं, हा दादाचा रोजचा क्रम. साडेसात ते नऊ. ते म्हणाले, "मग मीटिंगही त्याच वेळेची बघू."

त्याआधी डॉक्टर, हे मात्र त्यांनी बजावून सांगितलं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. एखाद्याला फिट येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसायला लागतात. हे घरात दार लावून काढण्यासारखं दुखणं नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांनी दादाला औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व दिलं, त्यातून तो सावरला. ज्याला भरती होण्याची गरज आहे त्याच्यासाठी अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आहे. समुपदेशनासाठी डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९० पासून ठाण्यातच आहे. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. पण औषधाचा कोर्स संपतो, भरती झालेला माणूस घरी येतो आणि संध्याकाळचे साडेसात रोजच वाजतात.

पहिली मीटिंग दादानं ठाण्याची निवडली. डोंबिवलीत कुणी बघितलं तर, ही धास्ती. मीटिंग 'ओपन' होती, म्हणून मलाही जाता आलं. शाळेचा वर्ग होता. मुलांच्या बुटक्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे आखडून बसली होती. फळ्यावर एकीकडे अपूर्णांकांची गणितं तशीच होती, दुसरीकडे सुतळीनं टांगलेले बारा पायऱ्यांचे आणि बारा परंपरांचे फलक. रजिस्टर नाही, फी नाही, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद. एकेक जण उठायचा, नाव सांगून 'मी मद्यपी आहे' म्हणायचा आणि आपलंच बोलायचा. पगाराचं पाकीट कुठे गेलं, मुलीच्या शाळेत काय घडलं, असं. मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. घरी आम्ही दादाला आयुष्यभर सल्लेच दिले होते. इथे तो तासभर मान वर करून ऐकत होता. पैशाचा डबा फिरला. खर्च सभासदच भागवतात, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, म्हणून मी काढलेली नोट एकानं हसून परत केली.

ही रीत १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलले त्यातून निघाली आणि १९५७ मध्ये भारतात आली. नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सुचवतात. एकच गट रोज भरत नाही, म्हणून एका जुन्या सभासदानं चहा पिता पिता दादाला आठवड्याचं वेळापत्रक लिहून दिलं. रेल्वेचा पास विक्रोळी-डोंबिवलीचा, म्हणजे वाटेत ठाण्याला उतरायला वेगळा खर्च नाही. कल्याणच्या दिवशी तेवढं पुढचं तिकीट काढायचं. खाली त्यानं आपला मोबाइल नंबर लिहिला आणि म्हणाला, "प्यावंसं वाटलं की प्यायच्या आधी फोन करायचा. नंतर नाही."

मध्ये दादा एकदा घसरला. दोन दिवसांनी परत गेला, तेव्हा त्याचे दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले आणि त्याला बाकावर सरकून जागा करून दिली. पुढे डोंबिवलीचाच गट त्याला बरा वाटायला लागला. ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही त्याच कामासाठी आलेलं असतं.

वहिनीचं मात्र अजून जमलेलं नाही. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन १९५१ पासून आहे, पण त्या संघटनेचे गट मोजके. वहिनी सकाळी डबे करून देते, दुपारी शिकवणी घेते, संध्याकाळी सासूबाईंचं बघते. नवऱ्याच्या पिण्याची वीस वर्षं तिनेही काढली आहेत. डोंबिवलीत तिला दुपारी तीनला, चालत जाता येईल असा गट हवा आहे. तशा आणखी बायका मिळाल्या तर स्वतःच सुरू करू, असं ती म्हणते. वर्गासाठी शाळेत विचारायला आम्ही दोघं सोमवारी जाणार आहोत.