लेकरू पाठीवर, वाट जंगलाची

गेल्या दिवाळीच्या सुटीत धाकटी बहीण सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली आणि सगळ्यांनी माणिकगड पाहायला जायचे ठरवले. गडचांदूरजवळच्या डोंगरावरचा हा किल्ला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचा. मेहुण्यांनी खास या सहलीसाठी एक महागडा बेबी कॅरियर मागवला होता. त्यांनी तो छातीला बांधला आणि बाळाला बाहेरच्या बाजूला तोंड करून त्यात बसवले. फोटो छान आले. अर्ध्या तासात बाळ झोपी गेले आणि आम्ही गप्पा मारत चढत राहिलो.

शेळ्या घेऊन उतरणारी एक बाई आमच्याजवळ थांबली. म्हणाली, "अवो बाई, लेकराची मान तं पाहा!"

पाहिले, तर बाळाची हनुवटी छातीला टेकली होती आणि श्वास घुरघुरत होता. दोन्ही पाय अरुंद पट्टीवरून खाली लोंबत होते, पावले थंड पडली होती. घाईघाईने बाहेर काढले तेव्हा ते जोरात रडले आणि आमच्या जिवात जीव आला. त्या बाईने आपल्या डोक्यावरचे जुने लुगडे सोडले, बाळाला बहिणीच्या कडेवर बसवले आणि दोन वेढे देऊन घट्ट बांधून दिले. बाळाचा चेहरा आईच्या डोळ्यांसमोर राहिला, मांड्यांना आधार मिळाला. परत येईपर्यंत ते हसतखेळत होते. चूक कॅरियर बनवणाऱ्यापेक्षा आमचीच जास्त होती. आम्ही वस्तू विकत घेतली, पण ती कशी वापरायची ते शिकलो नाही.

आधी वाट, मग वस्तू

आपल्या भागात लहान मुलांना घेऊन चालायचे तर पहिला प्रश्न वाटेचा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पायी फिरता येत नाही, ठरलेल्या गाडीतूनच जावे लागते, आणि ते योग्यच आहे. प्रकल्पाबाहेरच्या जंगलातही वाघ-बिबटे आहेत. दुर्गापूर परिसरात बिबट्याने लहान मुलांवर केलेले हल्ले आपण विसरलेलो नाही. म्हणून सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि ऊन तापण्याआधी परतावे. पहाटे व संध्याकाळी जंगलाच्या कडेने जाऊ नये. चालते मूल कायम हाताच्या अंतरावर असावे, पुढे धावू देऊ नये. गावकरी किंवा वनकर्मचारी 'तिकडे जाऊ नका' म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

सुरुवात शहरातूनच करावी. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याचा परकोट इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने साफ केला, त्यामुळे त्यावरून चालण्याची सोय झाली. बाळासोबतचा पहिला फेरफटका इथे घ्यावा. काही बिनसले तर घर जवळ असते. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तिथली जुनी कोरीव मंदिरे पाहत सपाट जमिनीवर चालता येते. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बाळाला घेऊन फिरायचा विचारही नको.

उचलून नेण्याचे साधन

कॅरियर दुकानातला असो की घरची ओढणी, तीन गोष्टी तपासाव्यात. एक, बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी व छाती यांमध्ये दोन बोटे मावली पाहिजेत. दोन, बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद असावी. बाळ बेडकासारखे बसले, म्हणजे गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर राहिले, तर खुब्याच्या सांध्यावर ताण येत नाही. तीन, बाळ इतके वर असावे की मान वाकवताच त्याच्या कपाळाचा मुका घेता येईल.

चार महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत जास्त जपावे. त्याला मान सावरता येत नाही. झोळीत ते गोळा होऊन बसले किंवा कापड नाकावर आले, तर श्वास कोंडतो आणि ते रडूही शकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये अशा झोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळीत घालू नये. बाहेर तोंड करून बसवायचे तर मान पक्की धरल्यावर, थोडाच वेळ आणि बाळ जागे असतानाच. डुलकी लागली की लगेच आपल्याकडे वळवावे.

पाठीवरचा चौकटीचा कॅरियर बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावरच घ्यावा. त्याचा हिशेब आधी करावा. चौकट सुमारे ३ किलो, वर्षाचे मूल ९-१० किलो, वर पाणी आणि कपडे. म्हणजे १५ किलोंच्या आसपास ओझे झाले. ज्याला ते उचलायचे आहे त्यानेच दुकानात जाऊन, पट्टे बांधून, पायऱ्या चढून पाहावे. सहलीपूर्वी घरात अर्धा तास बाळाला त्यात बसवून चालावे. आम्ही नेमके हेच केले नव्हते.

आपल्या घरांसाठी आणखी एक सूचना. बुरख्याच्या किंवा जाड शालीच्या आत बाळाला झाकून उन्हात चालू नये. आईच्या अंगाची ऊब आणि कोंडलेली हवा मिळून बाळ पटकन तापते. पडदा सांभाळून फिकट, पातळ सुती कापड बाळावर सावलीसारखे धरता येते, फक्त चेहरा मोकळा हवा. ओढणीची लोंबती टोके खोचून घ्यावीत. काट्यात अडकली तर आईही पडेल आणि बाळही.

कपडे आणि बूट

नव्या जाड जॅकेटची गरज नाही. थंडीच्या सकाळी सुती झबल्यावर पातळ स्वेटर आणि डोक्याला कुंची पुरते. ऊन वाढेल तसा एकेक थर काढावा. बाळाच्या मानेच्या मागे हात लावून पाहावे. ती घामेजलेली असेल तर कपडे जास्त झाले आहेत. चालणाऱ्या मुलाला लांब बाह्यांचा सुती सदरा, पूर्ण पायजमा आणि कान-मान झाकणारी टोपी असावी. बुटाचा तळवा हाताने वाकला पाहिजे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. 'पुढच्या वर्षीही येईल' म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला तर मूल ठेचकाळते. बसताना काढलेला बूट पुन्हा घालण्याआधी झटकावा, आपल्याकडे विंचू कमी नाहीत.

पाणी आणि खाऊ

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच पुरते, उन्हातही वरचे पाणी लागत नाही. पाणी आईने प्यावे आणि बाळाला वरचेवर पाजावे. म्हणून पाजण्यासाठी आडोशाची एक चादर सामानात हवीच. मोठ्या मुलांसाठी घरचे उकळलेले पाणी आणि ओआरएसचे पाकीट घ्यावे. एक लीटरचे पाकीट पूर्ण एक लीटर पाण्यातच मिसळायचे, निम्म्या पाण्यात नाही.

फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांना चालता-चालता देऊ नयेत, घशात अडकतात. केळे, मऊ पोळी, बी काढून कुस्करलेला खजूर उत्तम. गडचिरोलीच्या जंगलातला मध कितीही शुद्ध असला, तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे बाळाला लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो.

डास आणि मधमाश्या

गडचिरोलीत, विशेषतः भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात, मलेरिया जुना शत्रू आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डासांचे मलम लावू नये, त्याच्यासाठी बारीक जाळी वापरावी. सहलीनंतर ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. नागभीडकडच्या सात बहिणींच्या डोंगरासारख्या कड्यांवर आग्या मोहोळ असतात. तिथे बाळाला नेऊ नये. कुठल्याही जंगलात जाताना अत्तर आणि सुगंधी तेल घरीच ठेवावे. वापरलेले डायपर बंद पिशवीत घालून परत आणावेत. आपल्या दीनमध्ये स्वच्छता घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही.

खर्चापेक्षा माहिती

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबेत ठेवण्याची साधी कापडी पिशवी हे त्यांच्या साधनांपैकी एक. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ३९ गावांत नवजात बालमृत्यू, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले होते. साधने साधी होती, पण ती कशी वापरायची हे त्या स्त्रियांना पक्के ठाऊक होते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला उचलून घेऊन नमाज पढत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत. मूल अंगावर असताना दर हालचालीला त्याच्याकडे लक्ष हवे, हे मला त्यातून उमजले.

बहिणीने तो कॅरियर बदलून रुंद बैठकीचा, निम्म्या किमतीचा घेतला. या थंडीत पुन्हा माणिकगडला जायचे आहे, इन्शा अल्लाह. ती बाई भेटली तर तिच्यासाठी एक नवे लुगडे सोबत घेणार आहोत.